ताटावर ताट आपटले की कानात टाचणी टोचते

प्रश्न : मी 36 वर्षांची गृहिणी आहे. हर्णैजवळच्या एका वाडीत सासूबाई, पती आणि दोन मुलांसह राहते. गेल्या वर्षी वैशाखात वानरांना हुसकावण्यासाठी शेजारच्या बागेत लावलेला सुतळी बॉम्ब माझ्यापासून चार-पाच हातांवर फुटला. दोन दिवस डाव्या कानात कुंई असा आवाज येत राहिला आणि मग थांबला; पण तेव्हापासून ताटावर ताट पडले, कुकरची शिट्टी झाली किंवा धाकटी किंचाळली की त्या कानात टाचणी टोचते आणि कळ संध्याकाळपर्यंत राहते. दिवाळीपासून मी दोन्ही कानांत कापूस घालते, झोपतानासुद्धा. तरी शिमग्यानंतर त्रास वाढला. आता वाटीत चमचा वाजलेलाही सोसत नाही. समुद्राच्या गाजेचा आणि पावसाचा मात्र काही त्रास होत नाही. दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते. पती बशीतून फुरके मारत चहा पितात तेव्हा कान दुखत नाही, पण असा संताप येतो की उठून परसात जावे लागते. हे लहानपणापासून आहे. तेव्हा वडिलांच्या जेवण्याच्या आवाजाने होत असे. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे, मनाचे आहे, असे सांगितले. सासूबाई म्हणतात, "आम्ही जात्यावर दळलं, तेव्हा कोणाचे कान नाही फुटले." महिन्यावर गणपती आले आहेत, घरी अठरा माणसे येतील. मला वेड लागते आहे का? हे बरे होईल का? गणपतीत मी माहेरी निघून जाऊ का?

— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर :

ताई, तुम्हाला वेड लागलेले नाही. जे होते आहे त्याला नाव आहे, त्याची तपासणी आहे आणि त्यावर उपचारही आहेत. तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात एक सोडून दोन वेगळे त्रास आहेत आणि तुम्ही ते नकळत अगदी नेमके वेगळे करून लिहिले आहेत. एका आवाजाने कान दुखतो, दुसऱ्याने संताप येतो. या दोहोंची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत, म्हणून मी त्यांच्याविषयी वेगवेगळे लिहिते.

आधी कानाचे. इतरांना साधे वाटणारे आवाज असह्य मोठे वाटणे किंवा त्यांनी प्रत्यक्ष दुखणे, याला हायपरअॅक्युसिस म्हणतात. ते अनेक कारणांनी होते : डोक्याला मार, अर्धशिशी, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे (त्यात कानातला आवाज आवरणारा छोटा स्नायूही कधी कधी निकामी होतो), आणि तुमच्या बाबतीत उघड दिसते ते म्हणजे जवळून झालेला स्फोट. आपल्याकडे फटाक्याच्या आवाजाची कायद्याने जी मर्यादा घातलेली आहे, म्हणजे 125 डेसिबल, ती फुटण्याच्या जागेपासून 4 मीटरवर मोजायची असते. चार-पाच हात म्हणजे जेमतेम दोन मीटर. अंतर निम्मे झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने चढतो, त्यामुळे तो फटाका कायद्यात बसणारा होता असे धरले तरी तुमच्या डाव्या कानावर आलेला आघात त्या मर्यादेच्या वरचाच होता. बागायतदारांची वानरांनी केलेली दैना मला ठाऊक आहे आणि त्यांच्यावर राग धरावा असे मला वाटत नाही. पण वात पेटवणाऱ्याने आसपास कोण आहे ते पाहून आधी हाक द्यावी आणि स्वतःचे कानही झाकावेत, एवढे शेजाऱ्यांना जरूर सांगा. अशा आघाताने गेलेले ऐकणे परत मिळवणे फार कठीण असते.

डॉक्टरांनी कान स्वच्छ आहे म्हटले, ते खोटे नव्हे. दुर्बिणीतून कानात पाहिले की पडद्यापर्यंतचे दिसते. तुमची अडचण त्याच्या पलीकडे, आतल्या कानात आणि त्याहून अधिक मेंदूच्या ऐकण्याच्या वाटेवर आहे, आणि ती दुर्बिणीतून दिसत नाही. पण न दिसणारे ते सारे मनाचे, हे मात्र बरोबर नाही. तुम्हाला ऑडिओमेट्री (यंत्राने होणारी ऐकण्याची तपासणी) करून घ्यायला हवी, आणि तीही नेहमीची, किती हळू आवाज ऐकू येतो एवढेच पाहणारी, नको. आवाज हळूहळू वाढवत नेऊन तो कुठे नकोसा होतो हे दोन्ही कानांसाठी वेगवेगळे नोंदवणारी चाचणी मागा. साधारण माणसाला ही पातळी 100 डेसिबलच्या आसपास लागते. हायपरअॅक्युसिस असलेल्यांत ती बरीच खाली आलेली असते. खोलीत शिरण्यापूर्वीच तुमचा त्रास तपासनिसाला सांगून ठेवा, कारण मधल्या कानाच्या स्नायूची जी चाचणी सरसकट केली जाते तिच्यात मोठे आवाज सोडावे लागतात, आणि ती तुमच्यासाठी पुढे ढकलता किंवा वगळता येते. कोणी एमआरआय सांगितला, तर ते यंत्रही फार आवाज करते. कानांना दुहेरी संरक्षण मागून घ्या. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात आधी विचारा. तिथे ही चाचणी झाली नाही तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. खेडहून रेल्वेने एका दिवसाचा प्रवास आहे आणि तो करण्याजोगा आहे. मोठ्या आवाजाने गरगरत असेल, एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले असेल किंवा चेहरा एका बाजूला ओढला गेला असेल, तर मात्र गणपती, पाहुणे काही न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एकाएकी गेलेल्या ऐकण्यावरचा उपचार पहिल्या काही दिवसांतच चांगला लागू पडतो.

आता मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते त्या कापसाबद्दल. तुम्ही स्वतःच लिहिले आहे की दिवाळीपासून कापूस घालू लागलात आणि शिमग्यानंतर त्रास वाढला. कापूस घालूनही वाढला, असे तुम्हाला वाटते; मला तो बऱ्याच अंशी कापसामुळेच वाढला असे वाटते. अंधाऱ्या माजघरात दुपारभर बसलेले माणूस एकदम खळ्यातल्या उन्हात आले की ऊन रोजचेच असले तरी डोळे दिपतात, कारण डोळ्यांनी अंधाराशी जुळवून घेतलेले असते. कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदूही तसेच करतो. तो स्वतःच्या बाजूने आवाज चढवून घेतो. ही नुसती उपमा नाही. 2003 साली अमेरिकेत काही निरोगी माणसांना दोन आठवडे, जवळजवळ चोवीस तास, कानांत बोळे घालायला लावले आणि दुसऱ्या काहींच्या कानांत सतत हलका, एकसुरी आवाज सोडणारे छोटे यंत्र बसवले. बोळेवाल्यांना नंतर तेच आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले आणि यंत्रवाल्यांना ते अधिक सोसू लागले. ज्यांचे कान धडधाकट होते त्यांची दोन आठवड्यांत ही गत, तर तुम्ही महिन्यामागून महिने, झोपेतसुद्धा कान बंद ठेवले आहेत.

म्हणून कापूस काढायचा आहे, पण एका झटक्यात नव्हे. तुमच्या पत्रातच त्याचे औषधही आहे : समुद्राच्या गाजेचा त्रास होत नाही. का होत नाही, याचा विचार करा. गाजेत हळू-मोठे, जाडे-बारीक असे सगळे स्वर एकमेकांत मिसळलेले असतात, ती चढते-उतरते पण दचकवत नाही, आणि तिची पुढची लाट कधी येणार हे लहानपणापासून किनाऱ्यावर राहिलेल्या कानाला माहीत असते. ताटाचा आवाज याच्या अगदी उलट असतो : टोकदार, उंच स्वराचा आणि अवचित येणारा. श्रवणतज्ज्ञ रुग्णाच्या कानावर जो हलका, सर्व स्वरांचा आवाज मुद्दाम सोडतात, तो गाजेच्या जवळचाच असतो. तुमच्या खिडकीबाहेर तो फुकट आहे. दुपारी घर निजलेले असताना समुद्राकडची खिडकी उघडा, आधी उजव्या आणि मग डाव्या कानातला कापूस काढा आणि अर्धा तास तशाच बसा. निवडायला तांदूळ घ्या, शिवण घ्या, पण आवाजावर पहारा देत बसू नका. तीन-चार दिवस हे सोसले की तास करा, मग दोन तास. रात्रीचा कापूस पहिल्या आठवड्यातच सोडता आला तर पाहा. त्याऐवजी टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा किंवा फोनवर पावसाचा आवाज अगदी हलका ठेवा, तोही इअरफोन न लावता. जागेपणी आणि झोपेत, कानाला पूर्ण सामसूम कुठेच मिळू द्यायची नाही, हे सूत्र धरा. आणखी एक : कोणी लसूण घालून कढवलेले खोबरेल कानात सोडायला सांगितले तर सोडू नका. या दुखण्याला तेल पोचत नाही, आणि पडद्याला बारीक भोक असेल तर नवेच दुखणे मागे लागेल.

गाज अंगवळणी पडली की मगच ताटाकडे वळायचे. इथे लोक हमखास चूक करतात. "सवय होईल" म्हणून घरचे मुद्दाम भांडी वाजवतात आणि रुग्ण दहा दिवस मागे जातो. वाजवणारा हात तुमचाच असला पाहिजे, कारण स्वतः केलेला आवाज केव्हा आणि किती येणार हे मेंदूला आधीच कळते आणि तो कमी टोचतो. स्टीलची एक वाटी घ्या, तिच्यात दुहेरी घडीचे जुने लुगडे घाला आणि त्यावर चमचा ठेवा. नुसता ठेवा, टाकू नका. असे पाच वेळा करून थांबा. दुसऱ्या दिवशी कान शांत असेल तर घडी एकेरी करा, मग रुमालाइतकी पातळ, मग वाटी हातभर लांब ठेवून फडक्याशिवाय. कळ सकाळपर्यंत टिकली तर दोन पायऱ्या खाली उतरा आणि त्यात हार मानू नका. हे काम आठवड्यांत संपत नाही, महिने लागतात, काहींना वर्ष-दीड वर्षही लागते. शक्य झाले तर श्रवणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करा, विशेषतः तुमच्यासारखी प्रत्यक्ष कळ येत असेल तर. आवाज नुसता मोठा वाटणाऱ्या माणसापेक्षा दुखणाऱ्या माणसाला सावकाश जावे लागते. बरे होईल का, असे तुम्ही विचारले आहे. पूर्वीसारखे सगळे होईल असा शब्द मी देऊ शकत नाही, पण पुष्कळांना इतका आराम पडतो की घरात सर्वांसोबत जेवता येते, बाजारात जाता येते आणि दिवसाचा विचार कानाभोवती फिरत नाही.

दरम्यान स्वयंपाकघरात थोडे बदल करा. ताटांच्या मांडणीत प्रत्येक दोन ताटांमध्ये कापडाचा तुकडा घाला, मिक्सर घडी केलेल्या गोणपाटावर ठेवा, भात कुकरऐवजी टोपात शिजवा. कोकणातल्या घरात पेज, भात टोपात करणे काही परके नाही. मिक्सर लावायच्या आधी "लावते हां" एवढे सांगायची सवय घरात सगळ्यांना लावा, कारण अर्धा त्रास आवाज अचानक येण्यानेच होतो. जांभ्याच्या खाणीतले कापण्याचे यंत्र किंवा गवत कापण्याचे यंत्र शेजारी चालू असेल तेवढ्या वेळेपुरते चांगले इअरमफ (दोन्ही कान बाहेरून पूर्ण झाकणारे साधन) जरूर घाला. खऱ्या मोठ्या आवाजापासून कान राखणे हा शहाणपणा आहे, ताटाच्या आवाजापासून दिवसभर राखणे हे दुखणे वाढवणे आहे. सीमारेषा कुठे आहे हे कळत नसेल तर शेजारच्या माणसाकडे बघा : त्यालाही ओरडून बोलावे लागते आहे का? लागत असेल तर कान झाका.

आता चहाच्या फुरक्याचे. त्याची लाज बाळगू नका. ठरावीक आवाजांनी, बहुधा दुसऱ्याच्या खाण्या-पिण्याच्या, श्वासाच्या, नाक ओढण्याच्या आवाजांनी, एकाएकी संताप किंवा किळस उसळणे याला मिसोफोनिया म्हणतात. मार्गारेट आणि पावेल जास्ट्रेबॉफ या श्रवण-संशोधक दांपत्याने 2001 साली हा शब्द वापरात आणला. हे बहुतेक वेळा बालपणात किंवा वयात येताना सुरू होते आणि पहिला आवाज बहुधा घरातल्याच जवळच्या माणसाचा असतो. तुमच्या वडिलांची गोष्ट त्यात तंतोतंत बसते. 2017 साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा माणसांच्या मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हा त्रासाचा आवाज ऐकताच त्यांच्या मेंदूतला, कशाकडे लक्ष द्यायचे आणि मनाने किती विचलित व्हायचे हे ठरवणारा भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटून उठलेला दिसला. हृदयाचे ठोकेही वाढले. म्हणजे तुम्ही चिडका स्वभाव घेऊन जन्मलात असे नव्हे, आणि तुमचे यजमान असंस्कृत आहेत असेही नव्हे. संताप येणे तुमच्या हातात नाही; तो आल्यावर काय करायचे हे थोडेबहुत हातात आहे.

इथे चमच्याचा प्रयोग करू नका. फुरक्याचे ध्वनिमुद्रण लावून रोज ऐकत बसल्याने मिसोफोनिया निवळतो, असा भरवसा नाही; उलट तिरस्कार पक्का होण्याची भीती असते. उपयोग होतो तो आजूबाजूला दुसरा आवाज ठेवण्याचा आणि समुपदेशनाचा. चहाच्या वेळी आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र हळू लावा, पंखा चालू ठेवा, आणि समोरासमोर न बसता दोघेही पडवीत समुद्राकडे तोंड करून बसा. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या ज्या उपचाराला संज्ञानात्मक वर्तनोपचार म्हणतात, त्याचा मिसोफोनियावर चांगला परिणाम होतो असे 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ॲम्स्टरडॅममधल्या चाचणीत दिसले. तसा समुपदेशक जवळ नसेल किंवा रात्री झोप लागत नसेल, मन खचत असेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

यजमानांशी हे बोलायची वेळ चहाची ठेवू नका. संतापात उच्चारलेले "किती घाणेरडा आवाज करता" आणि रात्री शांतपणे सांगितलेले "ही माझ्या मेंदूची लहानपणापासूनची खोड आहे, तुमच्यावर माझा राग नाही; बशीऐवजी कप घेतलात तर मला बरे पडेल" यांत फार फरक आहे. त्यांनी कप घेतला तर तुम्ही उठून जायचे नाही, आणि कधी बशी घेतलीच तर तुम्ही निमूट परसात गेलात याचा त्यांनी राग धरायचा नाही, असे दोघांनी ठरवा. सासूबाईंना मात्र मिसोफोनियातले काही सांगत बसू नका. त्यांना फटाक्याची गोष्ट सांगा, तपासणीचा कागद दाखवा. कानाला मार बसला आहे, ही गोष्ट त्यांना कळेल. जात्याबद्दल त्या म्हणतात त्यात एक खरे आहे : जात्याची घरघर एकसुरी, जाड आणि आपल्याच हाताने फिरवलेली असते, तिने कान कशाला फुटतील? ती जवळजवळ गाजेसारखीच आहे. हे त्यांना असेच सांगून पाहा. मला वाटते त्या ऐकून घेतील.

राहिले गणपती. माहेरी जाऊ नका. गेलात तर दहा दिवसांची सामसूम कानाला मिळेल, आणि घरात "सून आरास सोडून गेली" हे वर्षभर ऐकावे लागेल. पण आरतीच्या वेळी माजघरात झांजांच्या घोळक्यात उभे राहण्याचा हट्टही धरू नका. बंद खोलीत चार जोड्या पितळी झांजा आणि वर मृदंग, हा आवाज धडधाकट कानालाही जड असतो. आरती सुरू झाली की इअरमफ लावून खळ्यात, तुळशीपाशी उभ्या राहा. हात तिथेही जोडता येतात. झांजा थांबून मंत्रपुष्पांजलीला सुरुवात झाली की इअरमफ काढा आणि आत या. ती नुसत्या गळ्यांची असते, चढ-उतार ठरलेला असतो, आणि तुमच्या कानाला ती सोसेल असा माझा अंदाज आहे. नाही सोसली तर दाराशीच थांबा. अठरा माणसांच्या जेवणाला स्टीलची ताटे काढू नका, केळीची पाने काढा. सणाला ती शोभतात आणि कोणाला कारणही सांगावे लागत नाही. भांडी घासायचे काम त्या दिवसांत जावेकडे किंवा नणंदेकडे द्या आणि तुम्ही मोदक वळायला बसा. उकडीच्या कामात आवाज नसतो. वाडीत रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालू राहिला तर यजमानांना मंडळाकडे पाठवा. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, सरकारने खास सूट दिलेल्या दिवसांखेरीज, तो लावायला बंदी आहे, आणि ऐकले नाही तर 112 वर कळवता येते.

पाहुणे येण्यापूर्वी महिना आहे. तेवढ्यात रात्रीचा कापूस सुटला आणि दुपारचे दोन तास खिडकीपाशी उघड्या कानांनी काढता आले, तरी पुष्कळ झाले असे समजा. तपासणीत दोन्ही कानांचे जे आकडे येतील ते मला लिहून कळवा. डाव्याचा आणि उजव्याचा फरक किती आहे, त्यावर चमच्याची पुढची पायरी ठरवता येईल.